नुसत्या साच्यावरनं शिंपल्याची नवी जात ठरवायची? माझा विरोध

मांडवीकाठ:
फॉसिल शिंपल्याच्या फक्त आतल्या साच्यावरनं नवीन स्पीशीज जाहीर करायला बंदीच हवी असं माझं मत. बऱ्याच शिंपल्यांचं कवच अ‍ॅरागोनाइटचं, म्हणजे चुन्याच्या एका कमी टिकाऊ खनिजाचं, ते विरघळून जातं आणि उरतो आत भरलेल्या चिखलाचा दगड, त्याच्यावर बाहेरची नक्षी नाही, बिजागरीचे दात दिसले तर नशीब, आणि वर्गीकरणाचा अर्धा डोलारा तर त्या दातांवरच उभा. मग नाव कशाच्या जोरावर ठेवता रे? पुढचे लोक बसतात निस्तरत.

खाजनातलो:
गोव्याच्या जुन्या खडकांत औषधाला शिंपला नाही, सगळे प्रीकॅम्ब्रियन, म्हणजे शिंपले जन्मायच्या आधीचे, पण भांडायला आम्ही पुढे 😄
बाब, साचा एवढा मुका नसतो. जेवण झालं की तिसरीची रिकामी शिंपी आतनं बघा, कडेला समांतर एक रेष जाते आणि मागच्या बाजूला आत वळते, नळ्या आत ओढून घ्यायची ती जागा, म्हणजे प्राणी वाळूत पुरून राहणारा. ही रेष न् स्नायूंचे ठसे चांगल्या साच्यावर चक्क उमटतात. बाहेरचा ठसा मिळाला तर त्यात रबर ओतून नक्षीपण काढता येते. कोडला, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनाही, साचा होलोटाइप (नाव ज्याला बांधलेलं असतं तो मूळ नमुना) म्हणून चालतो.

मांडवीकाठ:
कोडला चालतो हीच तर तक्रार आहे माझी!

पेडण्याची:
बंदी चुकीच्या जागी घालताय. कालवाचं कवच कॅल्साइटचं, छान टिकतं, तरी सगळ्यात जास्त फालतू नावं तिथंच, कारण कालव जिथं चिकटेल तसा आकार घेतं, एकाच जातीची दहा रूपं. आणि जिवंत प्राणी हातात असून तरी कुठं सुटका आहे? आपल्याकडे तिसऱ्या म्हणून विकतात त्यातली एक पापिया मलबारिका, ती आता प्रोटेपिस गॅलस, कारण पहिलं नाव डिलविननं ठेवलेलं, 1817 चं, आणि दुसरं ग्मेलिननं, 1791 चं. जुनं ते खरं, विषय संपला.

खडकवेडा:
मला तर जीनस (नावातला पहिला शब्द, जवळच्या जातींचा गट) फोडत सुटतात त्याचा जास्त वैताग. कच्छच्या ज्युरासिकमधली ट्रायगोनिया स्मीई ही शिंपल्याची जात चांगली होती, तिची इंडोट्रायगोनिया केली.

पेडण्याची:
स्मीई तर तशीच आहे ना, फक्त जीनस बदलली म्हणून नाव ठेवणारा सोवर्बी, 1840 कंसात गेला. ट्रायगोनिया संपल्या असंच धरून चालले होते, मग 1802 त टास्मानियाजवळ जिवंत नातेवाईक सापडला, तोही आता निओट्रायगोनिया. सगळं एकाच पोत्यात कोंबलं असतं तर कोण कुठल्या काळातला ते कसं कळणार?

मांडवीकाठ:
बरं, बंदीचं सोडा, पण साचा होलोटाइप असेल तर बाहेरच्या ठशाचा रबर कास्ट सोबत जमा करणं सक्तीचं करा.

खाजनातलो:
ठसा मिळालाच नाही तर? आणि जुन्या नावांचं काय? होलोटाइप कपाटात पडलेला असताना तो ओळखूच येत नाही म्हणून परस्पर निओटाइप (त्याच्या जागी नवा नमुना) नेमता येत नाही, त्याला कोड सांभाळणाऱ्या कमिशनकडे अर्ज करावा लागतो. तुम्ही करताय का?