इंग्लंडमधलं विद्यापीठ : 'भावना दुखावल्या' म्हणून जातीवरचं व्याख्यान रोखता येतं का?

प्रश्न : आमच्या विद्यार्थी मंडळाने जातिव्यवस्थेवर टीका करणाऱ्या वक्त्याचं व्याख्यान ठरवलंय. हा हिंदू धर्माचा अपमान, म्हणजे समता कायद्याखाली छळ, अशी तक्रार गेली आहे. विद्यापीठ सभागृह नाकारेल का? सुरक्षेचा खर्च आमच्यावर टाकेल का?

उत्तर १ : भाषणस्वातंत्र्याचा २०२३ चा कायदा १ ऑगस्ट २०२५ पासून लागू आहे. नुसती मतं पटत नाहीत म्हणून जागा नाकारता येत नाही. सुरक्षेचा खर्च आयोजकांवर टाकायला अपवादात्मक परिस्थिती लागते. नकार आलाच तर कारण लेखी मागा आणि विद्यापीठाच्या आचारसंहितेतलं कोणतं कलम लावलं ते विचारा. मात्र जागा विद्यापीठाची की विद्यार्थी संघाची (विद्यार्थ्यांची विद्यापीठापासून वेगळी संघटना) ते आधी पाहा. विद्यार्थी संघावर स्वतंत्र बंधन घालणारी कलमं अमलात आणलेली नाहीत, आणि बरेच जण नेमके इथेच अडकतात.

उत्तर २ : छळाची व्याख्या २०१० च्या समता कायद्यात, कलम २६ मध्ये आहे. तक्रारदाराला काय वाटलं हे बघतातच, पण आजूबाजूची परिस्थिती आणि तसं वाटणं वाजवी आहे का, हेही बघावं लागतं. ज्यांना नको त्यांनी न जाण्याची मोकळीक असलेलं व्याख्यान या कसोटीला सहसा उतरत नाही. सभागृहातल्या एखाद्या विद्यार्थ्याकडे बोट दाखवून त्याच्या धर्मावरून हिणवलं, तर गोष्ट वेगळी.

आणि संरक्षण दोन्ही बाजूंना आहे, हे विसरू नका. धर्मश्रद्धेला आहे तसं जातिविरोधी तात्त्विक भूमिकेलाही मिळू शकतं. त्यासाठी रोजगारविषयक अपील न्यायाधिकरणाच्या २००९ च्या ग्रेंजर निकालातल्या पाच कसोट्या आहेत. पाचवी, म्हणजे लोकशाही समाजात आदरास पात्र असणं, फार कडक लावायची नाही, असं २०२१ च्या फोर्स्टेटर निकालाने स्पष्ट केलं. नाझीवादासारखी टोकाची मतंच तिच्यात गळतात.

उत्तर ३ : वरच्यात एक भर. 'जात' हा शब्द समता कायद्याच्या संरक्षित यादीत (ज्या आधारांवर भेदभाव करायला मनाई आहे ती यादी) नाही. पण काही प्रकरणांत ती वांशिक मूळ या सदरात बसू शकते, असं त्याच अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये म्हटलंय. व्याख्यानाच्या निमित्ताने कोणी दलित विद्यार्थ्याला जातीवरून त्रास दिला, तर तक्रारीत 'जातीय छळ' एवढंच न लिहिता वांशिक मूळ हा आधार नमूद करा. आधी विद्यापीठाची अंतर्गत तक्रार. तिथली प्रक्रिया संपल्याचं पत्र मिळाल्यावर उच्च शिक्षणाच्या स्वतंत्र लवादाकडे १२ महिन्यांत जाता येतं, फी नाही. काउंटी न्यायालयात (स्थानिक दिवाणी न्यायालयात) दावा करायचा असेल तर मुदत मूळ घटनेपासून ६ महिन्यांची. अंतर्गत उत्तराची वाट पाहण्यात ती निघून जाते, म्हणून तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.