न्हाणीघराच्या भिंतीवरील करडी पाकिटे : तातडीने मदत हवी आहे

माजघर : पंधरा दिवसांपासून न्हाणीघराच्या भिंतीवर करडी, चपटी पाकिटे चिकटलेली दिसतात आणि केरसुणीने झाडली तरी दोन दिवसांत पुन्हा हजर होतात. फवारणीही करून झाली. ती कायमची कशी जातील, एवढेच सांगावे.

सातबारा : पाकिटाची लांबी किती, टोके उघडी आहेत की बंद, भिंतीला ओल आहे का, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगावे? झाडलेला केर कुठे टाकता?

जुनेखोड : ही कसर आहे. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात. आमच्याकडे वर्षानुवर्षे हाच उपाय चालतो.

माजघर : कपाटाविषयी मी विचारलेलेच नाही. लांबी सेंटिमीटरभर, आकार भोपळ्याच्या बीसारखा, टोके दोन्हीकडे उघडी. केर कोपऱ्यातल्या डब्यात जातो. ओल म्हणाल, तर रत्नागिरीत श्रावणात ती कोणाकडे नसते?

सागवान : चौकटींना वाळवी लागलेली नाही ना, हेही पाहून घ्यावे.

पतंगवेडा : वर्णनावरून ही फेरिओइका युटेरेला या पतंगाची अळी वाटते. रेशमाच्या धाग्यांत वाळूचे व मातीचे कण गुंफून ती हे पाकीट विणते; मध्यभागी ते रुंद असल्यामुळे ती आतल्या आत वळते आणि कोणत्याही टोकातून डोके व सहा पाय बाहेर काढून घर ओढत चालते, म्हणजेच आपल्या डब्यातूनही ती चालत परत येते. जुनी जळमटे, गळलेले केस, मेलेल्या कीटकांचे अवशेष आणि लोकर हे तिचे अन्न. अंडी सुमारे 10 दिवसांत उबतात, अळी 50 दिवसांच्या आसपास जगते आणि त्याच पाकिटात सरासरी 16 दिवस कोषात राहते. पंख पसरल्यावर जेमतेम 7 ते 13 मिलिमीटर भरणारा, काळसर ठिपक्यांचा करडा पतंग मग काहीच खात नाही. मादी मात्र फटींमध्ये 200 पर्यंत अंडी घालते. फवाऱ्यापेक्षा जळमटे आणि ओल काढणे महत्त्वाचे.

जुनेखोड : नाव काहीही द्या, माझ्या शालीला भोके पाडणारी हीच होती.

पतंगवेडा : कपड्यांच्या कसरीचे, म्हणजे टिनिया पेलिओनेलाचे, घर नळीसारखे गोल असते, हे चपटे आहे. तरीही लोकर दोघींनाही चालते, हे मान्य.

माजघर : बंबामागून मूठभर जळमटे निघाली. आईच्या शालींचे कपाट त्याच भिंतीला पलीकडून टेकलेले आहे, हे मी आधी लिहिले नव्हते.

जुनेखोड : मी कपाटच म्हणालो होतो.