अरबी समुद्रातलं डिप्रेशन: एक मॉडेल मुंबई दाखवतंय, दुसरं ओमान. नेमकं काय बघायचं?

(मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

माहीमची खाडी

हवामान खात्याच्या सकाळच्या बुलेटिनमध्ये डिप्रेशनचं (चक्रीवादळाआधीच्या कमी दाबाच्या क्षेत्राचं) केंद्र १२.५ उत्तर, ७१ पूर्व दिलं आहे. म्हणजे मुंबईपासून सरळ रेषेत साधारण ७४० किलोमीटर. जीएफएस या अमेरिकन संगणकीय मॉडेलचे गेले चार रन, म्हणजे एकामागून एक काढलेले चार अंदाज, पाहिले: अलिबाग, वेरावळ, थेट मुंबई, पुन्हा वेरावळ. युरोपियन मॉडेल मात्र दोन दिवस त्याला ओमानकडे नेतं आहे. समुद्राचं तापमान ३०-३१ अंश आहे, त्यामुळे जोर वाढणार हे सगळेच म्हणताहेत.

दोन्हींतलं कुठलं धरायचं? खरोखर जोर धरतंय की नुसते ढग दाटलेत, हे उपग्रहाच्या चित्रावरून कसं ओळखायचं? आणि शेवटचे २४ तास मुंबईत बसून कशावर नजर ठेवायची? पौर्णिमा चार दिवसांवर आहे, म्हणून भरतीचीही धास्ती आहे. "काळजी घ्या" एवढं नको, जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

समदाब रेषा

आधी केंद्र, मग मार्गाची रेघ. डिप्रेशनचं केंद्र सैल असतं. ढगांच्या पसाऱ्यात ते नक्की कुठे आहे यावर मॉडेलांचंही एकमत नसतं, आणि प्रत्येक रन आपापल्या केंद्रापासून रेघ ओढतो. तुमचे जीएफएसचे चार रन तीन वेगळ्या ठिकाणी गेले त्याचं मोठं कारण हेच.

पडताळा सोपा आहे. बुलेटिनमध्ये केंद्राचे अक्षांश-रेखांश वेळेसकट दिलेले असतात. त्याच वेळेचा मॉडेलचा समुद्रसपाटीवरच्या दाबाचा नकाशा उघडा आणि सगळ्यात कमी दाब कुठे आहे ते बघा. दोन्हींत १०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर त्या रनचा तिसऱ्या दिवसापुढचा भाग मी बघतही नाही. वेळ जुळवताना यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साडेपाच तास मिळवायला विसरू नका, तिथे फार जण फसतात. ०० यूटीसीचा जीएफएस आपल्याकडे सकाळी नऊपासून साडेदहापर्यंत उतरत जातो, युरोपियन दुपारी बाराच्या आसपास. सकाळी दहाला दोघांची तुलना केली, तर एकाचा ताजा रन आणि दुसऱ्याचा शिळा समोर येतो.

यानंतर एन्सेम्बल, म्हणजे सुरुवातीच्या आकड्यांत थोडा फरक करून त्याच मॉडेलने काढलेले अनेक अंदाज. एकेक अंदाज म्हणजे एक सदस्य. युरोपियनचे ५१ सदस्य, जीएफएसचे ३१. त्यांची सरासरी रेघ बघू नका, झुबके बघा. निम्मे सदस्य ओमानकडे आणि निम्मे गुजरातकडे जात असतील, तर सरासरी भर समुद्रातून जाते आणि तिथे एकही सदस्य गेलेला नसतो. असे दोन झुबके दिसले की "मधोमध जाईल" असं समजू नये. प्रश्न अजून सुटलेला नाही एवढाच त्याचा अर्थ.

हे झुबके का पडतात? मे-जूनमध्ये अरबी समुद्रातल्या वादळाला दोन बाजूंनी ओढ असते. अरबस्तानावरचा वरच्या थरातला उच्च दाब त्याला पश्चिमेला ढकलतो. उत्तरेकडून पश्चिमी वाऱ्यांचा ट्रफ (कमी दाबाचा लांबट पट्टा) खाली उतरला की ते ईशान्येला वळतं. ५०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीचा (साडेपाच-सहा किलोमीटर उंचीवरचा) नकाशा काढा आणि पाकिस्तान-राजस्थानच्या वर ट्रफ किती खोल येतोय ते दोन्ही मॉडेलांत ताडून बघा. तुमच्या दोन मॉडेलांचं भांडण बहुधा तिथेच सापडेल.

जोर आणि मार्ग वेगळे काढता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. दुबळं डिप्रेशन खालच्या थरातल्या, म्हणजे ८५०-७०० हेक्टोपास्कलच्या वाऱ्याबरोबर वाहत जातं. तेच बळकट झालं की उंचच उंच खांबासारखं उभं राहतं आणि वरच्या वाऱ्याचं ऐकू लागतं. म्हणून एखादं मॉडेल वाटेचं चुकतंय असं वाटतं तेव्हा पुष्कळदा ते जोराचं चुकत असतं. ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार चक्रीवादळ कोकण किनाऱ्याच्या जवळ येऊन उलट फिरलं, पश्चिमेला गेलं आणि तिकडे सुपर सायक्लोन झालं. त्याच वर्षी जूनमध्ये वायू चक्रीवादळ गुजरातवर धडकणार असं दिसत असताना किनाऱ्याला घासून समुद्रात परतलं.

खात्याच्या नकाशावर वादळाच्या संभाव्य वाटेभोवती जो शंकू असतो त्याबद्दलही सांगतो. तो मागच्या काही वर्षांतल्या सरासरी चुकीवरून आखलेला असतो. आजची परिस्थिती नेहमीपेक्षा गोंधळाची आहे म्हणून शंकू रुंद होत नाही. शिवाय तो फक्त केंद्र कुठे असू शकेल ते सांगतो. पाऊस आणि वारा शंकूच्या कितीतरी बाहेर पोचतात.

उपग्रह

जोराबद्दल. नुसतं समुद्राचं तापमान बघून निष्कर्ष काढू नका. मे महिन्यात अरबी समुद्र वादळाला लागणाऱ्या २६.५ अंशांच्या वर असतोच, त्यामुळे तो आकडा फारसं काही सांगत नाही. ऊन पाण्याचा थर किती जाड आहे ते बघा. बुलेटिनमध्ये महासागरी उष्णतेचा आकडा किलोज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये दिलेला असतो. तो १०० च्या वर असेल तर वादळाने पाणी घुसळलं तरी खालून ऊनच पाणी वर येतं. ५० च्या खाली असेल तर रेंगाळणारं वादळ स्वतःच्या पायाखालचं पाणी गार करून घेतं.

दुसरा आकडा वाऱ्याच्या शिअरचा, म्हणजे खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांमधल्या फरकाचा. १० नॉटपर्यंत पोषक, २० च्या वर गेला की वादळाचा माथा एकीकडे आणि पाया दुसरीकडे. तिसरी गोष्ट कोरडी हवा: जलबाष्पाच्या चित्रात वायव्येकडून, अरबस्तान आणि थरच्या वाळवंटाच्या बाजूने, कोरडा पट्टा आत घुसतोय का ते बघा.

ढग बघताना सगळ्यात मोठी चूक होते ती पहाटे. समुद्रावरचे उंच ढग रात्री उशिरा आणि पहाटे फुगतात. इन्फ्रारेडमध्ये मोठा, गोल, थंडगार डाग दिसतो आणि "एका रात्रीत वाढलं" अशी हाकाटी सुरू होते. दुपारपर्यंत तो विरतो. तो टिकला आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा त्याच केंद्रावर फुगला, तर ती खरी वाढ. सूर्य उगवला की इन्सॅट उपग्रहाची दृश्य प्रकाशातली चित्रं लावून ॲनिमेशन करा. खालच्या ढगांच्या बारीक रांगा ज्या बिंदूभोवती फिरताहेत तिथे केंद्र. तो बिंदू दाट ढगांच्या कडेला उघडा पडला असेल तर शिअर काम करतोय, आणि तोवर झपाट्याने वाढ होत नाही. मायक्रोवेव्हची ८९ गिगाहर्ट्झची चित्रं वरच्या पातळ ढगांखालची पावसाची वलयं दाखवतात, पण ती दिवसातून मोजकीच मिळतात. मिळाली की वेळ बघूनच वापरा, सहा तास जुनं चित्र ताजं समजू नका.

बुलेटिनमधला टी-नंबर म्हणजे ड्वोराक पद्धतीने ढगांच्या आकारावरून काढलेला अंदाज, मोजलेला वारा नव्हे. टी २.५ ला चक्रीवादळ, ३.५ ला तीव्र, ४.० ला अतितीव्र, ५.० ला अत्यंत तीव्र. किलोमीटरमध्ये सांगायचं तर अनुक्रमे ताशी ६२, ८९, ११८ आणि १६७ पासून पुढे. इथे एक घोळ नेहमी होतो. हवामान खातं तीन मिनिटांची सरासरी देतं, अमेरिकन लष्कराचं वादळ-इशारा केंद्र जेटीडब्ल्यूसी एक मिनिटाची. त्यामुळे अमेरिकन आकडा बहुतेक वेळा मोठाच दिसतो. त्यातून "खातं कमी सांगतंय" असा निष्कर्ष काढणं चूक आहे. झोताचा वेग हा तर तिसराच आकडा. तुलना करायची तर एकाच संस्थेच्या कालच्या आणि आजच्या आकड्यांची करा.

भाऊचा धक्का

वरचं सगळं बरोबर, पण मुंबईपुरतं बोलायचं तर वादळ कुठल्या गटात आहे यापेक्षा ते शहराच्या कुठल्या बाजूने जातंय हे आधी विचारा.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि ईशान्येला गेलं. मुंबई त्याच्या वाटचालीच्या डाव्या हाताला राहिली. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगरचं अतोनात नुकसान झालं, मुंबईवर त्या मानाने थोडक्यात निभावलं. तौक्ते चक्रीवादळ मुंबईला धडकलंच नाही. १७ मे २०२१ ला ते सव्वाशे-दीडशे किलोमीटर समुद्रातून उत्तरेला सरकलं आणि रात्री सौराष्ट्रात शिरलं. पण मुंबई उजव्या हाताला होती. कुलाब्याला ताशी १०८ किलोमीटरचे झोत नोंदले गेले, सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस. आपल्या गोलार्धात वादळाच्या उजव्या बाजूला फिरण्याचा आणि पुढे सरकण्याचा वेग एकमेकांत मिळतात, डाव्या बाजूला वजा होतात. त्यात आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. वादळ समुद्रातून उत्तरेला गेलं तर दक्षिण-नैऋत्येचा वारा पाणी थेट किनाऱ्यावर लोटतो. दक्षिणेला चढलं तर आधी वारा जमिनीकडून येतो आणि पाणी बाहेर ढकलतो.

ही बाजू घरबसल्या ओळखता येते. वादळ दक्षिणेला असताना वारा पूर्वेकडून येतो. तो पूर्व, आग्नेय, दक्षिण असा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरू लागला, तर केंद्र समुद्रातून चाललंय. पूर्व, ईशान्य, उत्तर असा उलटा फिरला, तर केंद्र आपल्या दक्षिणेला किनारा ओलांडून पूर्वेला सरकतंय. फिरतच नसेल आणि जोर वाढत असेल, तर ते सरळ आपल्याकडे येतंय. इमारतींच्या गल्लीत वारा वळतो, म्हणून खिडकीतला वारा धरू नका. खालचे ढग कुठून कुठे धावताहेत ते बघा, किंवा कुलाबा आणि सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदी.

बंदरावर लावतात त्या धोक्याच्या नंबरी बावट्यांतही हीच बाजू आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. पाच, सहा, सात नंबर म्हणजे चढता धोका नव्हे. पाच म्हणजे बंदर वादळाच्या डाव्या हाताला राहणार, सहा म्हणजे उजव्या, सात म्हणजे बंदरावरून किंवा अगदी जवळून. आठ, नऊ, दहा हाच क्रम मोठ्या धोक्यासाठी. एक आणि दोन लांबच्या समुद्रातल्या वादळासाठी, निघणाऱ्या जहाजांना सावध करायला. तीन नंबर लागला म्हणजे बंदरात जोराचा वारा अपेक्षित आहे.

माहीमची खाडी

बाजूचा मुद्दा लख्ख कळला. आता दोन शंका. फोनमधल्या बॅरोमीटरचा उपयोग होतो का? सकाळी १००६ होता, दुपारी चारला १००२.५ दाखवला, म्हणून विचारतोय. आणि कुलाब्याच्या रडारवर केंद्र किती आधी दिसेल?

समदाब रेषा

तो साडेतीन हेक्टोपास्कलचा उतार वादळाचा नाही. आपल्या पट्ट्यात दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारला कमी. सकाळच्या माथ्यापासून दुपारच्या तळापर्यंत तीन-चार हेक्टोपास्कल सहज पडतात. म्हणून आजचा दुपारी चारचा आकडा कालच्या दुपारी चारच्या आकड्याशी ताडा. २४ तासांत त्याच वेळेला तीनपेक्षा जास्त पडला तर खरा उतार समजा. सकाळी सहा ते दहा या चढत्या वेळेतही दाब चढला नाही, तर आकडा लहान असला तरी ती ठळक खूण आहे. तासाला एक किंवा जास्त पडू लागला की केंद्र जवळ आलं.

फोन तुमच्या मजल्यावरचा दाब दाखवतो. साडेआठ-नऊ मीटर चढलात की एक हेक्टोपास्कल कमी होतो, म्हणजे दहाव्या मजल्यावर तीन-साडेतीनचा फरक. एकाच जागी ठेवून वाचा आणि शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका, स्वतःच्या कालच्या आकड्याशी करा.

उपग्रह

रडारचं मी सांगतो. अडीचशे किलोमीटरवर दिसतं, पण पृथ्वीच्या गोलाईमुळे अर्ध्या अंशाचा किरण तिथे जवळपास सहा किलोमीटर उंचीवर असतो. म्हणजे वादळाचं डोकं दिसतं, पाय नाही. वादळ तिरपं असेल तर रडारवरचं केंद्र आणि समुद्रावरचं केंद्र यांत बरंच अंतर पडू शकतं. शंभर किलोमीटरच्या आत किरण दीड किलोमीटरपर्यंत खाली येतो, तेव्हाच्या चित्रावर भरवसा ठेवा. मुसळधार पावसाचा पट्टा मध्ये आला तर पलीकडचं फिकं दिसतं. अंधेरीत वेरावलीच्या सी-बँड (आखूड लहरींच्या) रडारवर हा दोष जास्त, कुलाब्याच्या एस-बँडवर (लांब लहरींच्या) कमी. म्हणून दोन्ही उघडी ठेवा.

भाऊचा धक्का

भरतीचं राहिलं. पौर्णिमेच्या आसपास मुंबईत भरती साडेचार मीटरच्या वर जाऊ शकते. त्यावर वादळाने ढकललेल्या पाण्याची एक मीटर लाट चढली तर साडेपाच. तीच लाट ओहोटीला आली तर नेहमीच्या भरतीइतकंही पाणी होत नाही. भरती-ओहोटीत सव्वासहा तास असतात आणि वादळाच्या वेळेत तेवढी चूक सहज होते. म्हणून हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेचा वादळी लाटेचा अंदाज एकटा वाचू नका, महापालिकेच्या भरतीच्या तक्त्याशेजारी ठेवा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते, कालची वेळ आज चालत नाही.

पावसाचं पाणीही त्याच घड्याळावर चालतं. शहरातल्या बऱ्याच नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत, आणि जुन्या नाल्यांची आखणी ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, तीही ओहोटी धरून. भरतीला दारं बंद झाली की पंपांवरच भिस्त. माहीममध्ये मिठी नदीच्या तोंडाशी आहात, तर भरतीच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन तास कागदावर लिहून ठेवा. तळमजल्यावरचं सामान आणि खाली लावलेल्या गाड्या त्याआधीच्या ओहोटीत हलवा. पाणी चढू लागल्यावर मीटरच्या खोलीत जायचं नाही, मेन स्विच आधीच बंद करायचा. कोळीवाड्यातल्या होड्या खाडीत नुसत्या नांगरून ठेवू नका. दोर भरतीच्या उंचीचा हिशेब करून सैल सोडा, नाहीतर पाणी वर आलं की आखूड दोर होडीचं नाक खाली खेचतो.

माहीमची खाडी

तक्ता काढून बसलो आहे. रात्रीचा जीएफएस साडेदहापर्यंत पूर्ण उतरेल. त्याचं केंद्र बुलेटिनशी जुळतं का तेवढं आधी बघतो आणि झुबक्यांचं चित्र इथे टाकतो.