गावाबाहेर एकांच्या घराच्या आवारात आरव्ही लावून राहायचंय, आधी काय बघू?

भटकभवानी:
मंडळी, मी आणि नवरा अमेरिकेत आरव्हीतच, म्हणजे चाकांवरच्या घरातच राहतो, दोघांचंही काम ऑनलाइन. आरव्ही पार्कचं भाडं आता झेपेना आणि शेजारच्यांचे जनरेटर तर डोकं उठवतात. गावाबाहेर एका आजोबांच्या प्लॉटवर जागा मिळतेय, पुढे त्यांचं घर, मागे झाडांखाली आपली गाडी. पाणी आहे, ३० अँपचा प्लग नुकताच बसवून घेतलाय, सांडपाणी त्यांच्या सेप्टिकला जोडा म्हणतात, आणि कागदबिगद काही नको, सगळं विश्वासावर. माणूस सज्जन आहे हो, पण विश्वासावर म्हटलं की मला धडकीच भरते. कुणी असं राहिलंय का?

माळावरचा:
ताई, आधी काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखं) झोनिंग ऑफिसला फोन, कुठल्या जागेवर काय चालतं ते तिथे कळतं. आजोबांचं नाव घ्यायची गरज नाही, प्लॉट कुठल्या झोनमध्ये येतो ते बऱ्याच काउंट्यांच्या ऑनलाइन नकाशावर दिसतं, तेवढं सांगून विचारायचं. गोम अशी की आरव्ही नुसती उभी करून ठेवायला बहुतेक ठिकाणी चालतं पण तिच्यात राहायला चालतंच असं नाही, कुठे ठराविक दिवसच, कुठे घराचं बांधकाम सुरू असेल तरच. आणि तपासायला सहसा कुणी आपणहून येत नाही, शेजाऱ्याने तक्रार केली की येतात. नोटीस मालकाला, पण गाशा गुंडाळायचा तुम्ही! एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी असेल तर त्यांचे नियम वेगळे.

व्होल्टेजवाले काका:
प्लग नुकताच बसवलाय हे वाचून लिहितोय. आरव्हीचा ३० अँप म्हणजे १२० व्होल्ट, पण तीन पिनांचा तो सॉकेट जुन्या ड्रायरच्या सॉकेटसारखा दिसतो, त्यामुळे घरांचीच कामं करणारा इलेक्ट्रिशियन कधीकधी २४० व्होल्ट देऊन मोकळा होतो. आमच्या ओळखीत एकांनी तसाच प्लग खुपसला, मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर (गाडीची बॅटरी चार्ज करणारा डबा), सगळं एका झटक्यात खलास. कुणी कितीही शपथा घेऊ दे, गाडी जोडायच्या आधी स्वतः मल्टिमीटर लावायचा, दोन चपट्या भोकांत १२० च्या आसपास आलं पाहिजे. मग ईएमएस, म्हणजे व्होल्टेज बिघडलं की वीज तोडणारं यंत्र, मध्ये लावून जोडा. ३० अँपवर एकूण ३६०० वॉटच मिळतात, एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडू शकतो. घरापासून वायर लांब ओढली असेल तर भर दुपारी एसी लावून परत व्होल्टेज बघा, १०५ च्या खाली गेलं तर कॉम्प्रेसरची वाट लागते.

सुगरण_ऑन_व्हील्स:
सेप्टिकचं परमिट बघायला मागा, लाजू नका. टाकी साधारण घराच्या बेडरूम मोजून ठरवलेली असते, त्यात तुम्ही दोघं वाढलात तर चालेल का आणि आरव्ही जोडायला परवानगी आहे का, हे आरोग्य खात्याला विचारायचं. आरव्हीच्या संडासाच्या टाकीत टाकायचं फॉर्मल्डिहाइडवालं केमिकल अजिबात नको, सेप्टिकमधले जिवाणू मरतात. आणि पाइप कायम जोडलेला असला तरी ब्लॅक टँकचा (तीच संडासाची टाकी) व्हॉल्व्ह बंदच ठेवा, भरत आला की उघडा, नाहीतर पाणी निघून जातं आणि घट्ट मैला तळाशी ढिगासारखा साचतो, तो फोडत बसणं काय असतं ते विचारू नका.
पाणी विहिरीचं असेल तर कोलिफॉर्म जिवाणू नि नायट्रेटची टेस्ट झालीय का बघा.

भटकभवानी:
बाप रे, मल्टिमीटर आजच मागवते. झोनिंगला उद्या फोन करते. कागदाचं आजोबांकडे कसं काढू? वाईट वाटेल त्यांना.

माळावरचा:
त्यांच्याच बाजूने काढा. म्हणावं, घरमालकाच्या इन्शुरन्समध्ये भाडेकरू सहसा धरलेला नसतो, आम्ही किंवा आमच्याकडे आलेलं कुणी अंगणात पडलं तर तुमच्या गळ्यात येईल, एजंटला विचारून घेऊ आणि दोन पानं लिहू. भाडं, सबमीटरवरचं (तुमच्या गाडीपुरत्या वेगळ्या मीटरवरचं) लाइटबिल, किती दिवसांची नोटीस, सेप्टिक उपसायचा खर्च कुणाचा. लाइटबिलाचं नक्की लिहा, उन्हाळ्यात एसीवरूनच पहिली ठिणगी पडते.