मदत हवी आहे : नाताळची सजावट कमी करायची आहे, काय ठेवू, काय सोडू?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती. दर डिसेंबरात घरभर माळा, जिन्याला झिरमिळ्या, मोठं झाड, शिवाय करंज्या-चकल्या. सासूबाई गेल्यापासून हे माझ्याच्यानं होत नाही. आणि आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचे, चार रविवार प्रार्थनेऐवजी शिडीवर जातात, याचं मनापासून वाईट वाटतं.

यंदा गव्हाणी (येशूजन्माचा देखावा), दारावरची चांदणी आणि आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या, एवढंच ठेवायचं म्हणते. गव्हाणी मी सोडणार नाही. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात मांडली त्यातही गवत, बैल आणि गाढव एवढंच होतं.

यजमान तयार आहेत. मोठ्या जाऊबाईंना मात्र वाटतं, मी आईंची रीत मोडतेय. २५ तारखेला सगळे आमच्याकडेच जमतात. त्यांना न दुखावता कसं सांगू? आईंच्या हातचे कागदी तारे घराघरांत वाटावेत, की इथेच जपावेत? दिव्यांच्या बंद पडलेल्या माळा कचरागाडीच्या ई-कचऱ्यात देईन, पण चालू माळा आणि झाड इंदुरात कुणाच्या उपयोगी पडेल? तुमच्याकडे कुणी असं केलं असेल तर जरूर सांगा.