मदत हवी आहे: ममीत हृदय ठेवत की काढत?

रेवाकाठ: सोमवारी प्रकल्प द्यायचाय, आम्ही चौघी अडकलोय. प्राचीन इजिप्तमध्ये ममी करताना अवयव काढून चार बरण्यांत ठेवत, हे सगळीकडे सापडतं. मग परलोकाचा देव ओसायरिससमोर तराजूत तोलायला हृदय कुठून आलं? बरण्यांत तर ते नाहीच. शिवाय झाकणांवर कुठे चार वेगळी डोकी, कुठे चारही माणसांची. कुणीतरी लवकर सांगा.

खडूफळा: कुठल्या काळातली ममी? तीन हजार वर्षांत पद्धती बदलत गेल्या. इयत्ता कोणती?

जुनापार: हृदय शक्यतो शरीरातच ठेवत. बुद्धी आणि आठवणी हृदयात असतात अशी त्यांची श्रद्धा. मेंदू मात्र नाकातून आकडा घालून काढत आणि टाकून देत. बरण्यांत यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात सत्य-न्यायाची देवी मात हिचं पीस. पापाने हृदय जड झालं असेल तर अम्मित नावाची राक्षसी ते गिळणार: तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. हृदयाने आपल्याच विरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून छातीवर मंत्र कोरलेला दगडी भुंगेरा ठेवत.

सोनचाफा७: मॉडेल करा! सफरचंदाची फोड मीठ आणि खायच्या सोड्यात पुरून ठेवा, आठवड्यात सुकते. ममीसाठी वापरत त्या नॅट्रॉन या नैसर्गिक क्षाराचं कामही असंच, ओलावा शोषायचा. मुलांना फार आवडतं.

रेवाकाठ: मॉडेल नकोय, लेखी आहे. आम्ही बीएला आहोत.

रात्रपाळी: शापाबद्दल नक्की लिहा. तुतनखामुन राजाचं थडगं उघडणारे सगळे पटापट गेले.

जुनापार: सगळे नाही हो. उत्खननाला पैसा पुरवणारे कार्नार्वन १९२३ मध्ये गेले, डास चावलेली जागा चिघळून. थडगं शोधणारे खुद्द कार्टर १९३९ पर्यंत जगले. पोरींना चुकीचं लिहायला लावू नका.

रात्रपाळी: लोक वाचतात तेच सांगितलं.

बडोदेकर: आमच्या वडोदऱ्याच्या संग्रहालयात खरी ममी आहे, एकदा येऊन बघाच.

रेवाकाठ: सोमवारच्या आत कसं जमणार? झाकणांचं राहिलंय. सरांनी सेन्नेजेमचं थडगं दिलंय.

खडूफळा: म्हणजे देर अल-मदिना, थडगी घडवणाऱ्या कारागिरांचं गाव, १९वं राजघराणं. काळ विचारत होतो तो यासाठीच! १८व्या घराण्यात झाकणांवर सहसा माणसांचीच डोकी. तुतनखामुनकडे तर राजाचाच चेहरा. माणूस, वानर, कोल्हा आणि ससाणा ही चार डोकी १९व्यापासून रुळली. पुढे २१व्या घराण्यात अवयव गुंडाळून परत शरीरातच ठेवायला लागले. म्हणून दोन्ही चित्रं बरोबर, काळ वेगळा.

सोनचाफा७: पण गरिबांचं काय? सगळं राजेमहाराजांचंच सांगता.

खडूफळा: सेन्नेजेम राजा नव्हताच, राजांची थडगी घडवणारा कारागीर होता. अगदी गरिबांना वाळूतच पुरत. रेवाकाठ, तराजूपेक्षा त्याच्या थडग्यातली पूर्वेकडची चित्रांची भिंत पकडा. आरूच्या शेतात, म्हणजे परलोकातल्या शेतात, तो आणि बायको इनेफर्ती, दोघं पांढऱ्याशुभ्र वस्त्रांत. तो विळ्याने गव्हाची नुसती कणसं छाटतोय, खालच्या पट्टीत दोघं जवस मुळासकट उपटताहेत. शेतीचं काम, पण अंगाला चिखल नाही. परलोक त्यांना कसा हवा होता ते या भिंतीवर दिसतं.

रेवाकाठ: हे फारच उपयोगी. त्यांच्याकडे उशाब्ती, म्हणजे थडग्यात ठेवायच्या सेवकांच्या छोट्या मूर्ती, होत्या ना, परलोकात कष्ट करायला? मग ही दोघं स्वतः का राबताहेत?

जुनापार: हाच प्रश्न प्रकल्पात घाला.