मदत हवी आहे: विंडोज १० वरून ११, थेट अपग्रेड की फॉरमॅट मारून क्लीन इन्स्टॉल?

प्रश्न

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ११ वर जायचं आहे. आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (सी ड्राइव्हवर ४१ जीबी मोकळे), डेटासाठी वेगळी १ टीबी हार्ड डिस्क. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) बायॉसमधून, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमधून, चालू केलंय. पण विंडोज लेगसी (जुन्या बूट पद्धतीच्या) मोडमध्ये आणि एसएसडी एमबीआर (डिस्क विभागायची जुनी पद्धत) आहे; ११ ला यूईएफआय (नवी बूट पद्धत) आणि जीपीटी (विभागायची नवी पद्धत) लागते. हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरचं लायसन्स या मशीनलाच बांधलेलं आहे. क्रॅश होत नाही, फक्त सुरू व्हायला वेळ लागतो. अपग्रेड केलं तर हा मंदपणा राहील का? आणि एमबीआरचं काय करायचं?

प्रतिसाद १

क्रॅश नाहीत, मग अपग्रेडच करा. जे पुन्हा सहज टाकता येणार नाही असं मशीनवर काय आहे, यावर हा निर्णय ठरतो. तुमच्याकडे ते हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे.

मंदपणा मात्र राहील. स्टार्टअपचे प्रोग्रॅम आणि सर्व्हिसेस अपग्रेडमध्ये जशाच्या तशा पुढे जातात. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधून नको ते आधीच बंद करा.

एमबीआरसाठी फॉरमॅट लागत नाही. विंडोजमध्येच एमबीआरचं जीपीटी करणारं एमबीआरटूजीपीटी हे टूल आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये एसएसडीचा डिस्क क्रमांक बघा आणि टूल आधी व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट पर्यायाने चालवा. दोन्ही वेळा ‘अलाउ फुल ओएस’ (चालू विंडोजमधूनच टूल चालवू देणारा पर्याय) जोडावं लागतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याआधी सस्पेंड करा. कन्व्हर्ट झालं की बायॉसमध्ये लेगसी बंद करून यूईएफआय निवडा. ही पायरी राहिली तर विंडोज बूटच होणार नाही, आणि लोकांना वाटतं डेटा गेला.

प्रतिसाद २

या सगळ्याआधी अख्ख्या एसएसडीची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, १ टीबी डिस्कवर घ्या, आणि इमेजिंग प्रोग्रॅमच्या पेनड्राइव्हवरून मशीन बूट होतंय का तेही पाहा. तो नसेल तर इमेज असून उपयोग नाही. विंडोजची स्वतःची ‘मागे जा’ सोय १० दिवसच टिकते आणि ती जीपीटीचं पुन्हा एमबीआर करत नाही.

बाहेरचा अँटीव्हायरस काढून टाका. विंडोज ११ ची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) माउंट करून, म्हणजे ड्राइव्हसारखी उघडून, त्यातला सेटअप विंडोजमधूनच चालवा. ‘फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा’ हा पर्याय फिका दिसला तर पुढे जाऊ नका. बहुतेकदा आयएसओची भाषा जुळत नसते: विंडोज ब्रिटिश इंग्रजीत आणि आयएसओ अमेरिकन इंग्रजीत, एवढंही पुरतं.

प्रतिसाद ३

अपग्रेडला माझाही विरोध नाही, पण आधी एसएफसी स्कॅन (विंडोजच्या फाइल्स तपासणारी कमांड) चालवा. बिघडलेल्या फाइल्स डिझमनेही (दुरुस्तीची दुसरी कमांड) दुरुस्त झाल्या नाहीत, किंवा मालवेअरचा संशय असेल, तर क्लीनच. विंडोज ३२ बिट असेल तर दुसरा मार्गच नाही.

क्लीन करताना १ टीबी डिस्कची केबल काढून ठेवा. नाहीतर सेटअप कधीकधी बूट पार्टिशन तिच्यावर टाकतो आणि ती डिस्क काढली की मशीन उठत नाही. विंडोज ११ चा सेटअप टाकलेला ८ जीबीचा पेनड्राइव्ह यूईएफआयमध्ये बूट करा, एसएसडीवरची सगळी पार्टिशनं उडवा, मोकळी जागा निवडून पुढे जा. जीपीटी आपोआप होतं. सध्याचीच एडिशन, होम किंवा प्रो, निवडा. डिजिटल लायसन्स असेल तर की न देता अ‍ॅक्टिव्हेट होतं. हिशेबाचं लायसन्स आधी डीअ‍ॅक्टिव्हेट करा. ब्राउझरचे पासवर्ड एक्स्पोर्ट किंवा सिंक करून घ्या. प्रोफाइलचा फोल्डर कॉपी करून ते येत नाहीत, कारण ते जुन्या विंडोज खात्याच्या चावीने बंद केलेले असतात.

प्रश्नकर्ता

इमेज घेतली, एसएफसी ठीक आहे. पण व्हॅलिडेट करताना डिस्क लेआउटची एरर येते. एसएसडीवर चार प्रायमरी पार्टिशनं आहेत, शेवटचं ५०० एमबीचं रिकव्हरी.

प्रतिसाद १

तिथेच अडतंय. या टूलला प्रायमरी पार्टिशनं जास्तीत जास्त तीन चालतात, एक्स्टेंडेड एकही नाही. रीएजंटसी (विंडोजची रिकव्हरी सांभाळणारी कमांड) डिसेबल करा, म्हणजे रिकव्हरीची फाइल सी ड्राइव्हवर परत येते. मग डिस्कपार्टमध्ये (पार्टिशन बदलायचं कमांड टूल) डिस्क आणि पार्टिशनचा क्रमांक दोनदा तपासून ते ५०० एमबी ‘ओव्हरराइड’ (संरक्षित पार्टिशनही काढू देणारा पर्याय) लावून डिलीट करा. पुन्हा व्हॅलिडेट. पास झालं की कन्व्हर्ट, यूईएफआय, आणि विंडोज नीट चालू झाल्यावर रीएजंटसी एनेबल. त्यानंतरच अपग्रेडला हात घाला.